दिसायला निरोगी पूडल

मेंडेलचे वाटाणे आठवतात ना? तोच नियम कुत्र्याच्या पिल्लांनाही लागू पडतो. छोट्या पूडल कुत्र्यांत एक आनुवंशिक नेत्ररोग आढळतो. दृष्टिपटल झिजून आधी रातांधळेपणा, मग पूर्ण अंधत्व येते. लक्षणे दिसेपर्यंत त्या कुत्र्याला अनेकदा पिल्लेही झालेली असतात.

यातील सदोष जनुक अप्रभावी आहे. ते आईबाप दोघांकडून आले तरच रोग होतो. एकाकडूनच आले तर कुत्रा निरोगी राहतो, पण वाहक ठरतो. दोन वाहकांच्या प्रत्येक पिल्लाला हा रोग होण्याची संभाव्यता १/४ असते. वाहक व निर्दोष अशा जोडीत मात्र शून्य!

२००६ साली हे उत्परिवर्तन सापडले. आता रक्ताच्या तपासणीवरून योग्य जोडी निवडता येते. म्हणून पिल्लू घेताना आईबापांचा तपासणी-अहवाल अवश्य पाहावा.