सचेतनपटांतील लिंगभाव व स्नेहसंबंध

मुलांसाठी काढलेल्या सचेतनपटांत, म्हणजेच ॲनिमेशनपटांत, पात्रांचे स्त्रीत्व वा पुरुषत्व कसे दाखविले जाते आणि त्यांच्यातील प्रेम, मैत्री, माया ह्यांचा अर्थ कसा लावावा, ह्यासंबंधी प्रेक्षकांत चालत आलेला वाद. नटनटींच्या चित्रपटात पात्राला नटाचे शरीर आपोआपच लाभते. सचेतनपटातील पात्राची पापणीसुद्धा कोणीतरी ठरवून काढलेली असते. मिकी व मिनी हे उंदीर जवळजवळ एकाच साच्याचे. मिनीला झगा, उंच टाचांचे बूट आणि लांब पापण्या दिल्या, की ती स्त्री ठरते. हा संकेत इतका रुळला आहे, की मुले तो कोणी न शिकविताच ओळखतात. जे ठरवून काढले आहे त्याबद्दल जाब विचारता येतो. वादाचे मूळ येथेच आहे.

जुन्या लघुपटांत लिंगबदलाचा खेळ सर्रास चाले. बग्ज बनी हा ससा स्त्रीवेश घेऊन शिकाऱ्याला भुलवी. ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ (१९५७) मध्ये तर शिकारी त्याच्या प्रेमातच पडतो. हे सारे विनोदापुरते असल्याने त्यावर फारसा वाद झाला नाही. गंभीर प्रेम मात्र राजपुत्र व राजकन्या ह्यांच्यासाठी राखून ठेवलेले होते. ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ (१९३७) व ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१९५९) ह्या डिझ्नी-पटांतील निद्रिस्त नायिकेच्या चुंबनावर पुढील पिढ्यांनी आक्षेप घेतला, तो संमतीच्या मुद्द्यावर.

कार्मेन फॉट व कारेन आयझेनहाउअर ह्या अमेरिकन भाषावैज्ञानिकांनी डिझ्नीच्या राजकन्यापटांतील संवादांची मोजदाद केली. २०१६ मध्ये पुढे आलेले त्यांचे निष्कर्ष अनपेक्षित होते. ‘स्नो व्हाइट’ मध्ये स्त्री व पुरुष पात्रांच्या वाट्याला जवळजवळ सारखेच बोलणे येते. ‘स्लीपिंग ब्यूटी’ मध्ये ७१ टक्के संवाद स्त्रियांचे आहेत. याउलट, बंडखोर नायिकेच्या ‘द लिटल मर्मेड’ (१९८९) मध्ये ६८ टक्के बोलणे पुरुषांचे आहे, आणि रणांगणावर देश वाचविणाऱ्या तरुणीच्या ‘मुलान’ (१९९८) मध्ये ७७ टक्के. नायिका धीट झाली. पण तिच्या भोवतालचे पहारेकरी, दुकानदार, गमत्ये सोबती असे सारे दुय्यम पात्रवर्ग सवयीने पुरुषच राहिले.

क्रिस बक व जेनिफर ली दिग्दर्शित ‘फ्रोझन’ (२०१३) पासून वादाला नवे वळण लागले. ह्यात गोठलेले हृदय वितळते ते राजपुत्राच्या चुंबनाने नव्हे, तर धाकट्या बहिणीने थोरलीसाठी प्राण पणाला लावल्यामुळे. थोरल्या एल्साच्या अंगी जन्मतःच हिम निर्माण करण्याची शक्ती असते आणि ती कोणाला कळू द्यायची नाही, असे तिच्या मनावर बालपणापासून बिंबविलेले असते. ह्या लपवाछपवीत अनेक समलिंगी प्रेक्षकांना स्वतःचे बालपण दिसले. २०१६ मध्ये एल्साला प्रेयसी द्यावी अशी मोहीम समाजमाध्यमांवर झाली. तिला राजपुत्रच द्यावा अशी प्रतिमोहीमही निघाली. तिला कोणीच जोडीदार नको, भगिनीप्रेमच पुरेसे आहे, असे म्हणणारा तिसरा पक्षही होता. २०१९ च्या दुसऱ्या भागात ती एकटीच राहिली. खरे तर तिन्ही पक्षांना कथेत आधार सापडतो.

‘लूका’ (२०२१) ह्या पिक्सारच्या चित्रपटाबाबत हा प्रश्न अधिक नाजूक झाला. पाण्यात सागरी प्राणी व जमिनीवर माणसे असणारे दोन मुलगे इटलीच्या किनाऱ्यावरील एका गावात आपले खरे रूप लपवून राहतात. दिग्दर्शक एन्रिको कासारोसा ह्यांनी ही प्रणयपूर्व वयातील, स्वतःच्या जेनोआतील बालपणावर आधारलेली मैत्रीची कथा असल्याचे स्पष्ट केले; तरी अनेकांनी तीत समलिंगी अनुभवाचे रूपक पाहिले. दिग्दर्शकाचा हेतू हा एक पुरावा होय, निवाडा नव्हे. मात्र मुलग्यांमधील प्रत्येक जिव्हाळ्याला प्रणय म्हटले, तर निखळ मैत्रीला पडद्यावर जागाच उरत नाही, हा प्रतिवादही पोकळ नाही. असे वाद बहुधा प्रौढच घालतात. ज्यांच्यासाठी चित्रपट काढले जातात त्या मुलांना क्वचितच विचारले जाते.

वाद वाढला, की कात्री, बंदी वा भाषांतर ह्यांचा आधार घेतला जातो. ‘लाइटयिअर’ (२०२२) मधील दोन विवाहित स्त्रियांच्या ओझरत्या चुंबनामुळे संयुक्त अरब अमिरातींनी त्याला परवाना नाकारला, तर सिंगापूरमध्ये तो सोळा वर्षांखालील मुलांना पाहता आला नाही. भाषांतराचा मार्ग अधिक मजेशीर ठरला आहे. ‘सेलर मून’ ह्या जपानी मालिकेतील हारुका व मिचिरू ह्या परस्परांवर प्रेम करणाऱ्या तरुणींना २००० सालच्या इंग्रजी ध्वनिरूपात नात्यातील बहिणी ठरविण्यात आले. चित्रे मात्र तीच राहिली, त्यामुळे त्यांचे सूचक कटाक्ष अधिकच चमत्कारिक वाटू लागले. २०१४ पासून निघालेल्या नव्या इंग्रजी आवृत्तीत त्यांचे मूळ नाते पुन्हा कायम करण्यात आले.