रखवालदार आणि इमारतीचा नित्य कारभार



जें काम बिनबोभाट होतें, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. शाळेची घंटा वेळेवर झाली, वर्गांचीं कुलुपें उघडलेलीं सांपडलीं, नळाला पाणी आलें आणि संध्याकाळीं सर्व मुलें सुखरूप घरीं पोंचलीं, म्हणजे दिवस चांगला गेला असें आपण म्हणतों. तो चांगला जावा म्हणून कोणीतरी आपल्या आधीं येऊन व आपल्यानंतर थांबून खटपट केलेली असते, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. फाटकाशीं बसणारा रखवालदार हा अशांपैकींच एक होय. त्याचें काम केवळ चोरास अडविणें एवढेंच आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अपुरी कशी, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

हा विषय मी घेतला त्यास एक कारण आहे, आणि तें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. वर्गांत एखादा मुलगा अभ्यास करीनासा झाला कीं, “शिकला नाहींस तर कोठेंतरी वॉचमन होऊन बसशील,” असें मी अनेक वर्षें म्हणत आलों. कांहीं दिवसांपूर्वीं एका आप्ताकडे पुण्यास गेलों असतां, त्यांच्या उंच इमारतीच्या फाटकाशीं गणवेशांतील एका तरुणानें मला नमस्कार केला. तो आपल्या भडगांवचाच, माझ्या हाताखालून गेलेला विद्यार्थी होता. नमस्कार करून त्यानें वही पुढें केली व म्हणाला, “सर, आपलें नांव, कोणाकडे जाणार तें आणि वेळ एवढें लिहून खालीं सही करावी.” क्षणभर मला राग आला. ज्याला मी अक्षरें गिरवावयास लाविलीं, तो माझ्याकडे सही मागतो! परंतु त्यानें वर दूरध्वनि करून विचारून घेतलें, एक पाळणा दुरुस्तीसाठीं बंद आहे, दुसऱ्यानें जावें, असें सांगितलें, आणि मागून आलेल्या मोटारवाल्या गृहस्थांपुढेंही तीच वही तशीच धरली. तें पाहून माझा राग ओसरला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याची पाळी संपल्यावर मी त्याच्याजवळ अर्धा तास बसलों. या लेखांतील बरीचशी माहिती त्या अर्ध्या तासाचें फळ आहे.

राखणीचा धंदा आपल्याकडे नवा नाहीं. जुन्या गांवास वेस असे, आणि वेशीवर वेसकर व रात्रीं फिरणारा जागल्या असे. गांवांत कोण परका आला, कोणाचें जनावर चुकलें, कोणता वाटसरू चावडींत उतरला, हें सर्व त्यास ठाऊक असावें अशी अपेक्षा असे. मोठ्या वाड्यांत दरवाज्यालगत देवडी असे व तींत पहारेकरी बसत. रायगडाचे दरवाजे सांजवेळीं ठरल्या वेळीं बंद होत आणि बाळाच्या ओढीनें हिरकणी गवळण कडा उतरून गेली, ही आख्यायिका तुम्हीं ऐकलीच आहे. तिच्यांत आईच्या धैर्याबरोबर पहारेकऱ्यांच्या नियमनिष्ठेचीही गोष्ट दडलेली आहे. आपल्या खानदेशांत तर १८२५ सालीं जेम्स औट्रम या अधिकाऱ्यानें भिल्लांचें पथक उभारलें व धरणगांव हें त्याचें ठाणें झालें. ज्यांस सरकार लुटारू म्हणत होतें, त्यांच्याच हातीं मुलुखाची राखण सोंपविली गेली. विश्वास टाकल्यानें माणूस राखणदार होतो, याचा हा आपल्या जिल्ह्यांतील दाखला आहे.

परंतु या जुन्या व्यवस्थेची काळी बाजूही सांगितली पाहिजे. गांवकीचें हें काम जन्मावरून महार आदि जातींच्या माथीं मारलेलें होतें. दिवस कीं रात्र हें न पाहतां हांक येईल तेव्हां धांवावें, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व घरोघरचें बलुतें घ्यावें, अशी ती रीत होती. डॉक्टर आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत या वतनाविरुद्ध बिल मांडलें. पुढें १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं हीं वतनें रद्द झालीं. तेव्हांपासून राखण हें कोणाचें जन्मजात ओझें राहिलें नाहीं, तो एक रोजगार झाला. रोजगार म्हटला कीं त्याला ठरलेला वेळ, ठरलेलें वेतन आणि मान हीं आलींच पाहिजेत. तीं आज सर्वत्र मिळतात काय, हें पुढें पाहूं.

आतां रखवालदाराच्या दिनक्रमाकडे वळूं. त्याचें पहिलें साधन म्हणजे फाटकावरील वही. येणाऱ्याचें नांव, कोणाकडे काम आहे, येण्याची व जाण्याची वेळ, इतक्या चार गोष्टी तींत असतात. ही वही चोर पकडण्यासाठींच असते असें नाहीं. तार जोडणारा कारागीर सकाळीं आला तो परत गेला कीं नाहीं, टपालाचें पुडकें कोणीं घेतलें, पाण्याचा टँकर किती वाजतां आला, याचा निकाल ती देते. शाळेंत तिचें महत्त्व याहून मोठें. मधल्या सुटीआधीं मुलास कोण घेऊन गेलें, तें त्याचें पालक होतें कीं नाहीं, हें तेथें लिहिलेलें असतें. आग लागली तर आंत कितीजण आहेत हें सांगण्यास तीच वही उपयोगी पडते. “जाण्याची वेळ” लिहावयास सांगितलें म्हणजे आपण कंटाळतों. पण तो रकाना कोरा राहिला तर आंतील माणसांची मोजदादच चुकते.

दुसरें साधन किल्ल्यांचा फळा. प्रत्येक किल्लीस क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकास एक खिळा. किल्ली घेणाऱ्यानें सही करून घ्यावी व परत लटकवावी. खिळा रिकामा दिसला कीं किल्ली कोणाकडे आहे तें वहींत पाहावें. प्रयोगशाळेची किल्ली सांपडली नाहीं म्हणून एका वर्गाचा तास बुडाला, तर चाळीस मुलांचे चाळीस तास बुडाले. हें नुकसान चोरीहून लहान म्हणतां येईल काय?

तिसरें काम फेरीचें. फेरी म्हणजे काठी आपटीत फिरणें नव्हे. कोठें नळ ठिबकतो आहे, गच्चीवरील टांकी भरून वाहते आहे, रिकाम्या खोलींत पंखा चालू राहिला आहे, तारेच्या पेटींतून जळका वास येतो आहे, बाहेर पडण्याच्या जिन्यांत कोणीं सामान रचून ठेविलें आहे, हें सर्व फेरींत दिसावयास हवें. दिसलें तें वहींत लिहून संबंधित कारागिरास सांगावयाचें. इमारतींतील बहुतेक मोठे बिघाड प्रथम लहान असतात, आणि तीं लहान लक्षणें रात्रीं फिरणाऱ्यासच आधीं भेटतात. रखवालदार खरोखर फिरतो कीं झोपतो, याची काळजी जुन्या काळापासून आहे. इंग्लंडांतील डर्बी येथील घड्याळजी जॉन व्हाइटहर्स्ट यानें १७५० च्या सुमारास पहारेकऱ्याची फेरी नोंदणारें घड्याळ तयार केलें, असें सांगतात. आज ठिकठिकाणीं बसविलेल्या खुणांस हातांतील यंत्र टेकवून तीच नोंद होते. तथापि यंत्र एवढेंच सांगतें कीं माणूस तेथें गेला होता. त्यानें डोळे उघडे ठेविले होते कीं नाहीं, हें त्याचा त्यासच ठाऊक.

चौथें काम पाळीबदलाचें. जाणाऱ्यानें येणाऱ्यास तोंडी व लेखी सांगावयाचें, “दुसऱ्या मजल्यावर रंगकाम चालू आहे, पाण्याचा पंप बिघडला आहे, अमुक बिऱ्हाडीं वृद्ध गृहस्थ एकटेच आहेत.” माझ्या विद्यार्थ्याच्या वहींत शेवटची नोंद अशीच होती. त्या एका ओळीमुळें रात्रीं घंटी वाजली तर प्रथम कोणत्या दारीं धांवावें, हें नव्या माणसास कळतें.

येथें थोडें अंकगणित करूं. आठवड्याचे तास १६८. एका माणसानें दिवसास आठ तास व आठवड्यास सहा दिवस काम केलें, तर ४८ तास होतात. १६८ ला ४८ नीं भागिलें असतां साडेतीन येतात. म्हणजे एकच फाटक अहोरात्र राखावयाचें तर साडेतीन माणसें लागतात, आणि आजार व रजा धरल्यास चार. परंतु पुष्कळ ठिकाणीं दोघांवरच हें काम भागवितात. मग प्रत्येकाच्या वांट्यास ८४ तास येतात, बारा तासांची पाळी आणि सुटी मुळींच नाहीं! अशा माणसास पहांटे डुलकी लागली तर दोष कोणाचा, याचा विचार या हिशेबानेंच करावा.

या अन्यायाकडे कायद्याचें लक्ष गेलें आहे. हमाल व माथाडी कामगारांसाठीं १९६९ सालीं जो कायदा झाला, त्याच धर्तीवर महाराष्ट्रानें १९८१ सालीं खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचें नियमन व कल्याण यांसाठीं कायदा केला. त्या अन्वयें मुंबई व ठाण्यासाठीं सुरक्षा रक्षक मंडळ स्थापन झालें. पुढें इतर जिल्ह्यांतही मंडळें झालीं. नंतर २००५ च्या केंद्रीय कायद्यानें रखवालदार पुरविणाऱ्या संस्थांस परवाना आवश्यक केला, आणि २००६ च्या नमुना नियमांनीं रक्षकास १०० तास वर्गांत व ६० तास प्रत्यक्ष जागेवर शिक्षण द्यावें असें ठरविलें. प्रथमोपचार, आग विझविणें, गर्दीचें नियंत्रण व ओळखपत्रांची तपासणी हे त्या शिक्षणाचे विषय होत. लष्कर वा पोलीस यांच्यासारखा पोशाख रक्षकानें घालूं नये, असेंही तोच कायदा सांगतो. कारण रखवालदार म्हणजे पोलीस नव्हे. आपल्यादेखत गंभीर गुन्हा करणाऱ्यास कोणाही नागरिकाप्रमाणें तो धरूं शकतो, पण त्यास पोलिसांच्या स्वाधीन केलेंच पाहिजे. मारण्याचा अधिकार त्याला नाहीं.

शिक्षणाचें मोल संकटांत कळतें. ९ डिसेंबर २०११ रोजीं पहांटे कोलकात्याच्या एका रुग्णालयाच्या तळघरांत आग लागली. धूर पाहून शेजारचे लोक धांवून आले. परंतु पहाऱ्यावरील माणसांनीं त्यांस परत लाविलें व अग्निशामक दलास वर्दी उशिरां गेली, असें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. नव्वदांच्या आसपास माणसें बहुतेक धुरानें गुदमरून मेलीं. कोणास आंत सोडूं नये एवढेंच ज्यास शिकविलें, तो फाटक केव्हां उघडावें हें कसें जाणणार? याच्या उलट दुसरी रात्र पाहा. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईच्या कामा रुग्णालयांत अतिरेकी शिरले. तेथील दोन पहारेकरी गोळ्यांस बळी पडले. तें पाहतांच अंजली कुलथे या परिचारिकेनें आपल्या विभागाचे दरवाजे लावून घेतले व वीस गरोदर स्त्रियांस एका लहानशा खोलींत हलवून वांचविलें. दार केव्हां उघडावें आणि केव्हां लावावें, या विवेकावर शेंकडों जीव अवलंबून असतात, हें या दोन रात्री शिकवितात.

आतां कोणी म्हणेल, भिंतीवर छायाचित्रक यंत्रें बसविलीं म्हणजे माणसाचें कारण काय? यंत्र पाहतें व आठवण ठेवितें, परंतु रडणाऱ्या लहान मुलास विचारपूस करीत नाहीं, पाळण्यांत अडकलेल्यास धीर देत नाहीं आणि ठिबकता नळ बंदही करीत नाहीं. यंत्र हे माणसाचे जादा डोळे होत. हात व हृदय त्यानें स्वतःचेंच आणावें लागतें.

आपलें भडगांव गिरणेकांठचें लहानसें गांव. येथें गगनचुंबी इमारती नाहींत. परंतु शाळा, दवाखाने, बँका, कापसाचे कारखाने आहेतच, आणि येथील कित्येक तरुण नाशिक, पुणें, सुरत येथें जाऊन परक्यांचीं घरें राखतात. तेव्हां हा विषय दूरचा नाहीं. आपल्याकडून त्यांस तीन गोष्टी मिळाव्या. वही पुढें आली असतां कुरकुर न करितां खरें नांव लिहावें. रखवालदारास “ए वॉचमन” म्हणून न हांकारतां नांवानें, आणि वडील असेल तर काका वा दादा म्हणून हांक मारावी. आणि तुमच्यांपैकीं जे उद्यां संस्थांचे चिटणीस किंवा कारखान्यांचे मालक होतील, त्यांनीं साडेतीनाचा तो हिशेब विसरूं नये. बसावयास खुर्ची, उन्हापावसांत छप्पर, प्यावयास पाणी आणि आठवड्यास एक दिवस सुटी हीं द्यावीं.

माझ्यापुरतें सांगावयाचें तर वर्गांतील तें जुनें वाक्य मी टाकून दिलें आहे. अभ्यास करावा हें मी आजही सांगतों, पण त्यासाठीं कोणाच्या प्रामाणिक धंद्याची भीति घालीत नाहीं. त्या दिवशीं निरोप घेतांना माझ्या विद्यार्थ्यानें पुन्हां वही पुढें केली. येतांना जी सही मी नाखुषीनें केली होती, तिच्यापुढील “जाण्याची वेळ” हा रकाना मी आपण होऊन भरला.