बेटकुळीच्या पलीकडे

ठाण्याच्या नौपाड्यात जिम्नॅस्टिक्स म्हटलं की आधी मुली आठवतात, आणि ते साहजिकच आहे. ठाण्याची पूजा सुर्वे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत रिदमिक प्रकारात भारताकडून उतरली. पुढच्या पिढीतल्या संयुक्ता काळेने खेलो इंडिया आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये सुवर्णपदकांची रास लावली. रिबन, हूप, चेंडू ही साधनं त्यामुळे इथल्या घरांत ओळखीची झाली. मुलांच्या बाजूचं एक साधन मात्र अजून परकंच आहे. उंच चौकटीतून लोंबणारी दोन लाकडी कडी, म्हणजे रिंग्ज. ऑलिंपिकच्या दिवसांत टीव्हीवर दोन्ही हात आडवे पसरून हवेत थांबलेला खेळाडू दिसतो, घरातलं कुणीतरी ‘बेटकुळ्या बघा काय आहेत!’ म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. पंचांच्या वहीत बेटकुळीला रकाना नाही. त्यांची नजर असते कोपरावर, खांद्यावर, कंबरेवर आणि पायाच्या चवड्यावर.

पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये सहा साधनं असतात. त्यांपैकी पाच आपल्या जागी घट्ट उभी. रिंग्ज तेवढ्या हलत्या. जमिनीपासून सुमारे ५.८० मीटर उंचीवर दोन दोऱ्या अडकवलेल्या, त्यांच्यात अंतर ५० सेंटिमीटर. खाली कडी, आतला व्यास १८ सेंटिमीटर, लाकडाची जाडी २८ मिलिमीटर. कडी जमिनीपासून २.८० मीटरवर असतात, म्हणजे खेळाडूला प्रशिक्षक कंबरेला धरून वर चढवतो. जिचा आधार घ्यायचा तीच वस्तू चारही दिशांना पळते. शरीरात कुठेही थरथर असली, की दोरीतून ती सगळ्या सभागृहाला दिसते. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्येही हे साधन होतं. अथेन्सच्या त्या स्पर्धेत यजमान ग्रीसच्या इओआनिस मित्रोपुलोसने सुवर्ण जिंकलं.

रिंग्जवर झोके असतात, हातांवर उभं राहणं असतं, शेवटी उडी घेऊन उतरणं असतं. पण या साधनाची खरी ओळख म्हणजे ताकदीचे ‘होल्ड’. एका स्थितीत यायचं आणि पूर्ण दोन सेकंद थांबायचं. थांबलात पण दोन सेकंद भरले नाहीत, तर ०.३० गुण जातात. थांबलातच नाहीत, तर अर्धा गुण जातो आणि तो प्रकार केला असं धरलंच जात नाही. मग येतो कोन. आदर्श स्थितीपासून १५ अंशांपर्यंत चूक असेल तर ०.१०, ३० अंशांपर्यंत ०.३० आणि ४५ अंशांपर्यंत ०.५० वजा. त्याहून जास्त वाकडं असेल तर प्रकार बाद. मनगट कड्यावर दुमडून पकड सोपी करून घेतली, तरी कात्री लागते. थोडक्यात, इथे ताकद किलोत मोजत नाहीत, अंशांत मोजतात.

सगळ्यांना ठाऊक असलेला प्रकार म्हणजे क्रॉस. शरीर उभं, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे. ६० किलो वजनाचा खेळाडू धरला तर प्रत्येक हातावर ३० किलो, आणि तेही खांद्यापासून अर्ध्या मीटरहून जास्त अंतरावर. पाठीच्या रुंद स्नायूंनी आणि छातीने हात खाली दाबत राहायचं, नाहीतर शरीर दोन हातांच्या मधून खाली घसरतं. या दोन सेकंदांत बघण्यासारखं बरंच असतं. कोपर पूर्ण सरळ आणि कुलूप लावल्यासारखं बंद, त्याची आतली खळगी पुढे वळलेली. खांदे कानांपासून दूर, खाली ओढलेले. मान लांब, हनुवटी ना वर ना छातीत. पोट आत, नितंब आवळलेले, कंबरेत खळगा नाही. गुडघे जुळलेले आणि पायाची बोटं जमिनीकडे ताणलेली. नवख्याचा क्रॉस बिघडतो तो बहुतेक वेळा दोन ठिकाणी. खांदे कानांकडे चढतात, किंवा कोपर किंचित वाकतं. वाकलेल्या कोपराने क्रॉस सोपा होतो, म्हणूनच पंच तिथे आधी बघतात.

क्रॉसपेक्षा कठीण आहे प्लँश. त्यात शरीर जमिनीला समांतर, हात सरळ, पाय मागे जोडून लांब. आपल्याकडे मयूरासन करणाऱ्यांना ही आकृती ओळखीची वाटेल. घंटाळी मित्र मंडळासारख्या संस्थांमुळे नौपाड्यात योगासनं नवी नाहीत. पण मयूरासनात दोन्ही कोपरं पोटाखाली टेकलेली असतात, शरीराला खालून टेकू मिळतो. प्लँशमध्ये तो टेकू काढून घेतलेला. कोपरं सरळ असल्याने खांद्यांना हातांच्या बरंच पुढे झुकावं लागतं, तरच पायांचं वजन तोलता येतं. खांद्यांची पाती पाठीवर एकमेकांपासून दूर सरकलेली हवीत, पाठीचा वरचा भाग किंचित गोल दिसायला हवा. पाती एकमेकांकडे आली की छाती खाली लोंबते आणि पाठोपाठ कंबर वाकते. त्यापुढची पायरी माल्टीज. तिथे हात बाजूंना पसरलेले आणि अख्खं शरीर कड्यांच्याच उंचीवर आडवं. खांदे कड्यांच्या वर राहिले, की तेवढ्या अंशांचे गुण गेले.

सोव्हिएत संघाकडून खेळणारा आर्मेनियाचा अल्बर्ट अझारियान १९५६ आणि १९६० अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये रिंग्जचा विजेता ठरला. रिंग्जवरचा त्याचा एक प्रकार आजही त्याच्याच नावाने ओळखतात. २०१२ मध्ये लंडनला सुवर्ण जिंकणारा ब्राझीलचा आर्थर झानेत्ती जेमतेम १.५६ मीटर उंचीचा. आखूड हात म्हणजे आखूड तरफ, हे गणित इथे थेट कामी येतं. ग्रीसच्या एलेफ्थेरिओस पेट्रुनियासने २०१६ मध्ये सुवर्ण घेतलं, चीनच्या लिऊ यांगने टोकिओ आणि पॅरिस अशा दोन्ही वेळा. पदकविजेत्यांच्या या पातळीवर प्रकार सगळ्यांना येतात. फरक पडतो तो कोणाचा हात किती अंश चुकला यावर.

आपल्या मराठी मुलखात शरीराला आकार द्यायची परंपरा मल्लखांबाची. उत्तर पेशवाईत बाळंभट्टदादा देवधरांनी तिचं पुनरुज्जीवन केलं, शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांनी ती जिवंत ठेवली. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा तिथेच झाली. दोन्ही साधनांचा स्वभाव मात्र उलटा. मल्लखांबाला एरंडेल लावतात, रिंग्जसाठी हाताला पांढरी पूड. लाकूड खांबाचं असो की कड्याचं, एकात निसरडेपणा हवा, दुसऱ्यात पकड. मल्लखांबात अढी घालून पायांनी खांब धरता येतो, रिंग्जवर पायांना काहीच काम नाही आणि तरीही ते सरळ ठेवायचे. म्हणून मल्लखांब येणाऱ्या मुलाला धीर, पकड आणि उलटं राहायची सवय आयती मिळालेली असते. रिंग्जवरची पायांची शिस्त मात्र त्याला नव्याने शिकावी लागते.

ती शिस्त शिकायला रिंग्ज लागतच नाहीत. पाठीवर झोपायचं, कंबर जमिनीला चिकटवायची, खांदे आणि पाय थोडे उचलायचे, हात कानांजवळ. प्रशिक्षक याला ‘हॉलो’ म्हणतात. कंबरेखाली हात सरकला तर आकार चुकला. हाच आकार पालथं होऊन, मग हातांवर उभं राहून, मग छातीच्या उंचीवर टांगलेल्या कमी उंचीच्या रिंग्जवर. तिथे आधी नुसतं हातांवर अंग तोलून धरणं, कडी बाहेर वळवून, दोऱ्या दंडाला न टेकवता. क्रॉस येतो तो फार पुढे, आणि तोही आधी रबरी पट्ट्यांच्या किंवा प्रशिक्षकाने कंबरेला दिलेल्या आधाराने. स्पर्धेच्या रिंग्जना लागतं एवढं उंच छत नौपाड्याच्या नव्या टॉवरमध्येही कुठल्या फ्लॅटला नसतं, पण कमी उंचीच्या रिंग्जना साधी खोली पुरते. अडचण जागेची कमी, घाईची जास्त.

घाई का नको, याला शरीरशास्त्राचं कारण आहे. स्नायू काही महिन्यांत बळकट होतात, कंडरा आणि अस्थिबंध त्यांच्या मागून संथपणे येतात. सरळ कोपराच्या होल्डमध्ये मोठा भार कोपराच्या पुढच्या कंडरेवर आणि खांद्याच्या सांध्यावर येतो. मुलाच्या अंगात ताकद दिसते म्हणून त्याला क्रॉसमध्ये टांगलं, तर कोपर आधी दुखतं आणि मग वर्ष वाया जातं. वाढीच्या वयात तर ही काळजी दुप्पट. हल्ली जिममध्येही लाकडी रिंग्ज टांगलेल्या असतात आणि तिशीतली मंडळी मोबाइलवर पाहून थेट प्लँश करू जातात. त्यांनाही नियम तोच लागू.

तेव्हा मुलाला क्लासला घालणाऱ्या आईवडिलांना एकच विनंती. ‘क्रॉस कधी शिकवणार?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका. एक दिवस भिंतीशी बसून बघा. प्रशिक्षक मुलांच्या कंबरेखाली हात घालून तपासतो का, वाकलेलं कोपर दिसलं की होल्ड मोडायला लावतो का, पायाची बोटं ताणली नाहीत म्हणून परत करायला सांगतो का? हे होत असेल तर क्लास चांगला आहे. रिंग्जवर चढायला मग दोन वर्षं लागली तरी चालतील.