कढीपत्त्याच्या कुंडीतलं रान

मुलांना निसर्ग दाखवायचा तर ताडोबाचं बुकिंग हवं, निदान एखादा ट्रेक तरी हवा, असं अनेक आईवडिलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. मग सुट्टी जुळत नाही आणि निसर्ग राहूनच जातो. मला मात्र वाटतं, जिप्सीतून क्षणभर दिसलेल्या वाघापेक्षा हाताच्या अंतरावरची अळी लहान मुलाला जास्त काही देते. आणि ती आपल्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर सापडू शकते.

लिंबू फुलपाखराची मादी लिंबावर, कढीपत्त्यावर एकेक पिवळसर अंडं घालते. त्यातून निघालेली अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्ष्यांची नजर तिच्यावरून घसरते. कात टाकत टाकत ती शेवटी पानासारखी हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून दोन फाट्यांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. आपण मोठी माणसं तिला कीड म्हणून फवारा मारतो, किंवा ‘हात लावू नकोस, खाज येईल’ म्हणून मुलाला मागे ओढतो. खाज आणतात ते केसाळ सुरवंट. या अळीच्या अंगावर तसे केस नसतात. तरी तिला हाताळू नये, नुसतं बघावं. रोज पाच मिनिटं, त्याच कुंडीपाशी. आज किती पान खाल्लं, रंग बदलला का, कोष कुठे बांधला, हे मुलानेच वहीत काढावं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण तीन-चार आठवड्यांत डोळ्यांसमोर घडतो. त्यासाठी फोडणीची चार पानं गेली तर जाऊ द्यावीत.

सजगता म्हणजे मांडी घालून, डोळे मिटून बसणं, आणि ते मुलांना जमणार नाही, हाही एक समज. मुलांची एकाग्रता हातापायांतून, कानांतून येते. अमेरिकेतले निसर्गशिक्षक जोसेफ कॉर्नेल यांचा ‘आवाजांचा नकाशा’ हा खेळ करून पाहा. कागदाच्या मधोमध फुली, ती म्हणजे आपण. ज्या बाजूने आवाज येईल त्या बाजूला खूण करायची. उन्हाळ्याच्या दुपारी तांबटाचं टुक्-टुक् आणि रिक्षाचा भोंगा एकाच कागदावर येतात, ते येऊ द्यावेत.

‘मलाच झाडांची नावं येत नाहीत, मी काय शिकवणार?’ ही अडचण खरी वाटते, पण नाव नंतर कळलं तरी चालतं. झाडाखाली पडलेलं उंबर फोडा. आतून केंबरं उडतात आणि आपण म्हणतो, किडलेलं आहे, टाक. वस्तुस्थिती वेगळी आहे. उंबर म्हणजे आत वळलेला फुलांचा गुच्छ, आणि ती केंबरं त्यातच वाढलेल्या इवल्या गांधीलमाश्या. पराग घेऊन निघालेली मादी दुसऱ्या कोवळ्या उंबरात शिरते, तेव्हा तिथल्या फुलांचं परागीभवन होतं. एवढं समजायला मुलाला झाडाचं शास्त्रीय नाव लागत नाही. शेजारी बसून ‘अरे, हे काय?’ म्हणणारं मोठं माणूस लागतं.

सगळ्यांत चिवट भीती चिखलाची. फिनलंडमध्ये 3 ते 5 वर्षांच्या मुलांच्या काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातल्या जमिनीचे थर आणून अंथरले. अवघ्या 28 दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्तीचा तोल सांभाळणाऱ्या घटकांतही चांगला बदल दिसला. 2020 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास छोटा होता, पण मातीला निव्वळ घाण मानणं चूक आहे एवढं त्यातून दिसतं. पावसात भिजण्यानेच सर्दी होते, हेही खरं नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. एक धोका मात्र खरा आहे. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची लागण होऊ शकते. त्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नये. सोसायटीच्या बागेतल्या ओल्या गवतावर मात्र त्यांना अनवाणी चालू द्यावं, आणि घरी आल्यावर साबणाने हातपाय धुवायला लावावेत.