वाटाणा, वानर आणि पोतंभर आणे

‘या सिनेमाने शंभर कोटींचा गल्ला जमवला!’ असं तुम्ही ऐकता ना? पण ते शंभर कोटी कुणी उचलून पाहिलेत का? हल्ली फोन ‘टिंग’ वाजला की तिकीट निघालं. एके काळी मात्र सिनेमाच्या यशाला चक्क वजन होतं!

गोष्ट सुरू होते एका वाटाण्यापासून. हो, उसळीतल्याच. १९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपल्या दादासाहेबांनी, लंडनहून कॅमेरा आणला. पण सिनेमा काढायला पैसे देणार कोण? मग त्यांनी वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपत राहिले. कोंब. पान. वेल. ही चित्रं पडद्यावर सरसर धावली आणि कित्येक दिवसांचं वाढणं डोळ्यांदेखत घडलं! चित्रं इतक्या भराभर आली की मेंदूला ती सुटी दिसतच नाहीत, तो ती जोडून टाकतो. बघणारे थक्क झाले, पैसे मिळाले.

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सिनेमाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या. तेही अंधारात बरं का, उजेड लागला की फिल्म वाया! ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेबांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यातली राणी तारामती झाले होते अण्णा साळुंके. आधी ते हॉटेलात काम करायचे.

१९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर हेच अण्णा राम झाले आणि सीताही! हनुमानाची शेपटी पेटलेली बघायला ही झुंबड उडाली. सांगतात, मद्रासला तिकिटांची नाणी पोत्यांत भरून, बैलगाडीतून, पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली.

थापा वाटतात? चला, हिशोब करू. तेव्हा १६ आण्यांचा एक रुपया. एक आण्याचं नाणं, कडेने नागमोडी, साधारण ४ ग्रॅमचं. समजा, हजार रुपये सगळे आण्यांत जमले. म्हणजे नाणी झाली १६,०००. वजन ६० किलोंच्या वर. एक मोठा माणूसच की! आणि दहा हजार जमले तर?

आता सांगा, बैल नकोत का?