पांढरी तीनवरून काळी दोनवर

मेटॅलिकाचा १९८६चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा अल्बम लावा आणि शेजारी पेटी घेऊन बसा. शीर्षकगीतात गिटारची सगळ्यांत जाड तार पांढरी तीनला मिळते. मग त्याच गाण्याचं अलीकडच्या एखाद्या शोचं रेकॉर्डिंग लावा. तार काळी दोनवर आलेली असते. शो सुरू होण्याआधी रंगमंचामागे गिटार-टेक्निशियनने एकेका गिटारीच्या सहाही तारा अर्धा स्वर सैल केलेल्या असतात. हे १९९०च्या दशकापासून चालू आहे. मैदानातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. ड्रम्स तेवढेच जोरात असतात, दिवे तेच असतात आणि गायक जेम्स हेटफिल्ड नेहमीसारखाच गुरगुरत असतो.

अर्धा स्वर म्हणजे किती? सेकंदाला ४४० कंपनांचा सूर ४१५वर येतो. ऐकणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटेल. पण दोन तास ओरडून गाणाऱ्या गळ्याला प्रत्येक वरच्या जागेवर तेवढी उसंत मिळते. मेगाडेथचा डेव्ह मस्टेन तर पूर्ण स्वर उतरून पांढरी दोनवर आला. आपल्याकडे गवयाने पट्टी उतरवली की तंबोरा लावतानाच सगळ्यांना कळतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मेटलच्या गायकाची पंचाईत वेगळी आहे. पंचविशीत त्याने जे एकदा रेकॉर्ड केलं, ते चाहत्याच्या कानात कायमचं बसलेलं असतं. पासष्टीतही त्याची स्पर्धा त्याच पंचविशीशी असते. आणि ती पंचविशी तरी किती खरी होती, हे स्टुडिओतल्या माणसांना विचारावं.

खुर्च्या फेकल्या तेव्हा

१९८२च्या सुरुवातीला आयर्न मेडनचा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ रेकॉर्ड होत होता. ब्रूस डिकिन्सन नुकताच बँडमध्ये आला होता, वय २३. निर्माता मार्टिन बर्च याने त्याला शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या ओळी पुन्हा पुन्हा गायला लावल्या. तासन्‌तास तेच. शेवटी डिकिन्सनचा ताबा सुटला आणि त्याने स्टुडिओतल्या खुर्च्या फेकल्या. बर्चने मग त्याला शांतपणे सांगितलं, की ब्लॅक सबाथच्या ‘हेवन अँड हेल’च्या वेळी गायक रॉनी जेम्स डिओचीही हीच गत झाली होती. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ या गाण्यातली ती प्रसिद्ध लांबलचक किंकाळी याच वैतागातून निघाली, हा किस्सा डिकिन्सनने स्वतःच पुढे सांगितला आहे. आता गंमत अशी, की हीच किंकाळी त्याच्याकडून शोमध्ये एका फटक्यात, धावत असताना, घामाघूम अवस्थेत हवी असते. वर्षानुवर्षं.

दुसरा किस्सा ज्युडास प्रीस्टचा. १९७९चा ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ हा लाइव्ह अल्बम टोकियोच्या शोंचा. रॉब हॅलफर्डचा गळा त्या वेळी बसलेला होता, म्हणून त्याने नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन घेतलं. चाहत्यांना हे कळल्यावर त्यांनी अल्बमचं नाव बदलून ‘अनलीश्ड इन द स्टुडिओ’ करून टाकलं. हॅलफर्डनेही पुढे ते कबूल केलं. रेकॉर्डिंगच्या वेळी तो २७ वर्षांचा होता. म्हणजे ज्या लाइव्ह आवाजाच्या आठवणीने लोक आज उसासे टाकतात, त्यालाही तेव्हाच ठिगळ लावावं लागलं होतं.

गळा आधी तरुणपणीच जातो

स्वरतंतू दर सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांवर आपटतात. सूर जितका वर, तितके फटके जास्त. वय वाढलं की हे तंतू बारीक होतात, त्यांची लवचीकता जाते, घशातली कूर्चा कडक होते. तंतू पूर्ण मिटत नाहीत आणि मधल्या फटीतून हवा निसटते. फुप्फुसांची ताकदही घटलेली असते. त्यामुळे मधले सूर बहुधा टिकतात. आधी जातो तो वरच्या सुरांचा जोर, आणि मेटलचा सगळा डोलारा त्यावरच उभा असतो.

पण मोडतोड बरीच आधी सुरू झालेली असते. १९८१मध्ये जर्मनीच्या स्कॉर्पियन्सचा गायक क्लाउस माइने याचा आवाज गेला. बोलणंसुद्धा मुश्कील झालं. त्याने बँडला दुसरा गायक शोधायला सांगितलं. बँडने ऐकलं नाही आणि वाट पाहिली. तंतूंवर शस्त्रक्रिया झाल्या. मधल्या काळात तात्पुरतं गाण्यासाठी डॉन डॉकन याला स्टुडिओत बोलावलं होतं. १९८२मध्ये ‘ब्लॅकआउट’ आला तो माइनेच्याच आवाजात, आणि त्यानंतर तो माणूस सत्तरी ओलांडूनही गात राहिला.

हेटफिल्डचा गळा १९९१च्या ‘ब्लॅक अल्बम’च्या दिवसांत एका जुन्या पंक गाण्यावर आरडाओरडा करताना फाटला. तोवर गाणं शिकणं हे मेटलवाल्यांच्या लेखी बायकी काम होतं. आता त्याला शिक्षकाकडे जाऊन पियानोबरोबर सरगम घोटावी लागली. त्या रियाजाची कॅसेट तो पुढे वर्षानुवर्षं शोआधी लावत असे. बाहेर हजारो लोक त्याच्या नावाने बोंबलत असत आणि आत हा बाबा पहिल्या इयत्तेतल्या मुलासारखा स्वर लावत बसलेला असे.

सेटलिस्ट कोण लिहितं?

चाहत्यांना वाटतं गाण्यांची यादी बँड आवडीने ठरवतो. वयस्क गायकाच्या बँडमध्ये ती गळाच ठरवतो. दोन चढी गाणी लागोपाठ येत नाहीत. मधे लांब वाद्यसंगीत असतं, ड्रम सोलो असतो, गिटारवादकाला एकट्याला दहा मिनिटं मिळतात. गायक त्या वेळात आत जाऊन वाफ घेतो, पाणी पितो, नुसता बसतो. दौऱ्याच्या तारखाही तशाच पडतात. सलग दोन रात्रींचे शो टाळले जातात आणि सुट्टीच्या दिवशी गायकाने कुणाशी बोलायचंही नसतं.

गायकाला रंगमंचावर स्वतःचा आवाज ऐकवणारा मॉनिटर इंजिनिअर हा या सगळ्यातला मोठा माणूस. पूर्वी रंगमंचावर पायाशी स्पीकर ठेवलेले असत. गिटारींच्या गदारोळात गायकाला स्वतःचं ऐकूच येत नसे, मग तो आणखी ओरडे. कानात बसणारे मॉनिटर आले आणि ती ओरड कमी झाली. अनेक गळे त्या एका सोयीने जास्त काळ चालले. बाहेरच्या मिक्सरवर बसलेला दुसरा इंजिनिअर किंकाळीच्या शेपटीला प्रतिध्वनी जोडतो. गायकाने दोन सेकंद धरलेला सूर मैदानात चार सेकंद घुमतो.

शब्द दाखवणारा पडदा पायाशी असतोच. ब्लॅक सबाथचा गायक ऑझी ऑस्बर्न याने तो वर्षानुवर्षं वापरला. आणि हुकमाचा एक्का म्हणजे पब्लिक. २०११च्या सुमारास ज्युडास प्रीस्टच्या दौऱ्यात ‘ब्रेकिंग द लॉ’ सुरू झालं की हॅलफर्ड माइक लोकांकडे करायचा आणि अख्खं गाणं लोकच म्हणायचे. गायकाला एका गाण्याची विश्रांती मिळाली आणि पब्लिकला वाटलं आपला सन्मान झाला. दोन्ही खरंच होतं.

एक उपाय मात्र कुणी अभिमानाने सांगत नाही. गळा सुजला आणि शो रद्द करणं परवडत नसलं की स्टेरॉइडचं इंजेक्शन. सूज उतरते, आवाज येतो, दुखणं कळेनासं होतं. कळत नाही म्हणून गायक आणखी रेटतो आणि कधी तंतूत रक्तस्राव होतो. त्या एका रात्रीचा हिशेब पुढची कित्येक वर्षं चुकवावा लागतो.

वांद्र्याला उतरलेला वैमानिक

१ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनचा जागतिक दौरा मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर सुरू झाला. पुढच्या ४५ दिवसांत २३ शो होते. बँड, माणसं आणि सामान वाहून नेणारं बोइंग ७५७ चालवत होता खुद्द डिकिन्सन. ‘फ्लाइट ६६६’ या माहितीपटात हे सगळं आहे. वैमानिक-गायक म्हणून त्याचं कौतुक खूप झालं. पण गळ्याच्या दृष्टीने हा उफराटाच उद्योग होता, कारण विमानातली कोरडी हवा स्वरतंतूंचं नुकसानच करते. त्यात त्या दौऱ्यात शो उघडायचा तो ‘एसेस हाय’ने, म्हणजे गळा तापायच्या आत थेट शिखरावर चढायचं. तेव्हा तो ४९ वर्षांचा होता. मुंबईतल्या पोरांनी ज्याच्या कॅसेट एकमेकांत फिरवून झिजवल्या होत्या, तो माणूस समोर धावत गात होता. त्याने कुठल्या ओळीवर श्वास चोरला याची नोंद ठेवायला तिथे कुणाला फुरसत होती?

खरी परीक्षा पुढे आली. २०१४मध्ये पॅरिसमध्ये ‘द बुक ऑफ सोल्स’ रेकॉर्ड झाला. त्यात डिकिन्सनने स्वतः लिहिलेलं, १९३०च्या आर-१०१ हवाई जहाजाच्या अपघातावरचं १८ मिनिटांचं गाणं आहे. तो हे सगळं गात होता तेव्हा त्याच्या जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ होती. निदान रेकॉर्डिंगनंतर झालं. किरणोपचाराच्या ३३ फेऱ्या आणि सोबत केमोथेरपी. मे २०१५मध्ये तो रोगमुक्त असल्याचं जाहीर झालं. लाळ कमी झालेली, घसा भाजलेला. आवाज परत येईल की नाही याची खात्री नसताना तो काही महिने गायलाच नाही. पुढच्या वर्षी तो ७४७ उडवत दौऱ्यावर निघाला. आणि मेडनच्या गिटारी? त्या अजूनही पांढरी तीनलाच लागतात. हा त्यांचा हट्ट आहे. त्याची किंमत डिकिन्सन काही जागा बदलून, काही सूर आखडून भरतो आणि चाहते त्यावर नाक मुरडतात.

बोटांसाठी सैल केलेल्या तारा

ब्लॅक सबाथची कथा उलटी आहे. गिटारवादक टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या. पुढे १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मध्ये तारा थेट काळी एकवर उतरवल्या. सैल तारा दाबायला सोप्या आणि आवाज आणखी जड. साऱ्या मेटलला तो जडपणा आवडला. फुटलेला बँड पुन्हा एकत्र आल्यावर तेच तंत्र ऑझीच्या उतरत्या गळ्याला उपयोगी पडलं आणि ‘पॅरानॉइड’सारखी मूळची पांढरी तीनमधली गाणी रंगमंचावर खाली आणली गेली.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, लहानपणच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, ऑझी शेवटचं गायला. पार्किन्सन्समुळे उभं राहता येत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून. आधी स्वतःची पाच गाणी, मग सबाथबरोबर चार. ‘मामा, आय अॅम कमिंग होम’ला आवाज थरथरला, सुटला, आणि मैदानाने तो उचलून धरला. काटेकोर कानाने ऐकलं तर त्या रात्री बरंच काही बेसूर होतं. सतरा दिवसांनी तो गेला.

मग लबाडी कुठली?

डीप पर्पलच्या इयन गिलनने आणखी एक वाट दाखवली. १९७०च्या ‘चाइल्ड इन टाइम’मधल्या किंकाळ्या हा हार्ड रॉकचा मानबिंदू. त्या जमेनाशा झाल्या तेव्हा त्याने ते गाणंच सोडून दिलं, आणि २००२नंतर ते रंगमंचावर आलेलं नाही. लोक आजही फर्माईश करतात, बँड दुसरं गाणं सुरू करतो.

याच्या दुसऱ्या टोकाला आधी रेकॉर्ड केलेला आवाज असतो. ड्रमरच्या कानात ठेका टिकटिकतो, रंगमंचामागे संगणकाशी एक माणूस बसलेला असतो आणि कठीण ओळ आली की पंचविशीतला गळा स्पीकरमधून वाजतो. ओठ हलतात, पब्लिक खूश होतं. किस या बँडने तर २ डिसेंबर २०२३ला न्यूयॉर्कमध्ये शेवटचा शो संपवताच पडद्यावर स्वतःच्या डिजिटल प्रतिमा उभ्या केल्या आणि पुढची पाळी त्यांची असं जाहीर केलं. त्या प्रतिमांचा गळा कधी बसणार नाही. रेकॉर्डसारखाच आवाज हवा, असा हट्ट आपण चाहत्यांनीच इतकी वर्षं धरला. त्याला मिळालेलं हे चोख उत्तर आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. तारा उतरवा, कडवं लोकांकडून म्हणवून घ्या, खुर्चीवर बसा, झेपत नसेल तर गाणं यादीतून काढा. पण तिकीट घेऊन आलेल्या माणसासमोर माइक चालू असू द्या.