बोलावलं त्यांनी, भाडं कुणाचं?

यूपीएससीच्या मुलाखतींचं वेळापत्रक आलं की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत दोन हिशेब सुरू होतात: गुणांचा आणि दिल्लीच्या तिकिटाचा. पहिल्यावर पानंच्या पानं छापून येतात, म्हणून दुसऱ्याकडे वळू. बाहेरगावच्या उमेदवाराला आयोग जाण्यायेण्याचं मेल-एक्स्प्रेसचं स्लीपर भाडं देतो. सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या ‘एसएसबी’ मुलाखतीला एसी थ्री टियरचं मिळतं. त्याच प्रकारच्या कमिशनसाठी दुसऱ्यांदा गेलात, तर खर्च तुमचा. रक्कम डोळ्यांत भरणारी नाही, पण कुणाला किती मिळणार हे आधीच छापलेलं असतं.

खासगी नोकरीत नेमकी हीच ओळ गायब असते. ‘परवा सकाळी दहाला पुण्यात हजर राहा’, एवढाच मेल. नांदेडचा मुलगा तत्काळमध्ये तिकीट काढतो. आदल्या संध्याकाळी फोन येतो, ‘साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात बघू.’ कन्फर्म तत्काळ तिकिटाचा परतावा रेल्वे देत नाही, आणि कंपनीकडे मागायची त्याची हिंमत होत नाही. नोकरी लागायच्या आधीच पैशांवरून भांडला, असा शिक्का कोण मारून घेईल?

इथे मला जर्मनांचा हेवा वाटतो. त्यांच्या १९०० पासून लागू असलेल्या नागरी संहितेत कलम ६७० आहे: ज्याच्या सांगण्यावरून काम केलं, त्याने त्यापायी झालेला वाजवी खर्च भरून द्यावा. न्यायालयांनी ते मुलाखतीलाही लावलं. मालकाने बोलावलं की भाडं त्याचं, नोकरी मिळो न मिळो. द्यायचं नसेल, तर आधीच स्पष्ट कळवायचं. म्हणजे तिथे मालक गप्प बसला तर पैसे मालकाचे जातात, आपल्याकडे उमेदवाराचे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. माणसं पाठवतोच आहोत, तर बदल्यात हे कलम मागवून घ्यावं!

आपलेही हात अगदी रिकामे नाहीत. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून केलेली कृती हा मोबदलाच, असं १८७२ चा करार कायदा मानतो. ‘प्रवासखर्च देऊ’ असं लिहून बोलावल्यावर, निवड झाली नाही म्हणून कंपनीला हात झटकता येऊ नयेत.

मुलाखतीच्या पत्रात चार गोष्टी पुरेत: भाडं देणार का, कुठल्या वर्गाचं, पावती कोणती, पैसे किती दिवसांत. शिवाय मुलाखत कंपनीने रद्द केली, तर तिकीट कंपनीच्या माथी. ‘देणार नाही’ लिहिलं तरी चालेल. मुलगा व्हिडिओ कॉलवर मुलाखत घ्या म्हणेल, नाहीतर जाणारच नाही. पण हे त्याला तिकीट काढण्याआधी ठरवता यायला हवं.